वाट्यांबद्दल काय म्हणाला?

"पण फसवायचंच असतं, आत्याबाई, तर त्यानं आधी 'दंडवत प्रणाम' कशाला म्हटलं असतं?"

मुरलीधरराव वैराळे आश्रमाच्या ओसरीवर कसेबसे टेकले होते. एक पाय वर घेतलेला, एक पायरीवर, केव्हाही उठून पळायच्या बेतात. मुठीतला मोबाइल घामानं ओला झाला होता.

आत्याबाई गोधडीला टाके घालत होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या लहानशा आश्रमात ही म्हातारी तपस्विनी एकटीच राहायची. पंथातली माणसं येत, पंथाच्या रीतीनं दंडवत प्रणाम करत, घटकाभर बसत. मुरलीधरराव तर तरुणपणापासूनचे शिष्य. पण आजचा त्यांचा प्रणाम चपला काढता काढताच उरकला होता.

"कोण म्हणालं दंडवत प्रणाम?" आत्याबाईंनी विचारलं.

"तो. वाट्या विकणारा."

"नीट बैस. मग सांग."

"बसायला वेळ नाही हो! चार वाजेपर्यंतच मुदत आहे."

"मग उभ्यानं सांग."

मुरलीधरराव बसले.

त्यांची उभी हयात एसटीच्या स्टँडवर गेली होती. वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीतून त्यांनी इतकी माणसं पाहिली होती, की चालण्यावरून बिनातिकिटाचा कोण ते सांगत. निदान ते तरी तसं म्हणत. "माणूस ओळखण्यात आपण नाही चुकत" हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून एकदा तरी यायचंच. बायको, वेणूबाई, त्यावर काही बोलायची नाही. नुसती हसायची. हल्ली मात्र पदर तोंडाला लावून हसायची, कारण तिचे पुढचे-मागचे सगळे दात काढले होते आणि कवळी बसायची राहिली होती.

मुरलीधररावांना एकच नाद. जलतरंगाचा. चिनी मातीच्या वाट्यांत पाणी भरून काड्यांनी वाजवायचा तो बाजा. खरा संच त्यांना कधी परवडला नाही. घरातल्या, शेजारच्या, मेहुणीकडून लोणच्यासकट आलेल्या अशा वाट्या गोळा करून त्यांनी आपला संच मांडला होता. त्यात पंचमाला ठेवलेली निळ्या काठाची वाटी फार तऱ्हेवाईक. थेंबभर पाणी जास्त झालं की भणभणायची. थेंबभर कमी झालं की मुकी.

आणि परवा, जुन्या वस्तूंच्या ॲपवर, त्यांना खरा संच दिसला. पांढऱ्याशुभ्र वाट्या, उतरत्या क्रमानं मांडलेल्या, जणू चांदणं वाढून ठेवलंय. किंमत वाचून त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. इतकी कमी.

"स्वस्त काहून देऊन राहिला तो?" आत्याबाईंनी विचारलं.

"वडील वाजवायचे म्हणे. ते गेले. घरात वाट्या पाहिल्या की आई रडते. म्हणून चांगल्या हातात जाव्यात, पैशाचं महत्त्व नाही, असं म्हणाला."

"आणि मुदत कशाची?"

"पैशाची."

आत्याबाईंनी दोरा तोडला.

मुरलीधरराव भराभर बोलू लागले. आपण काही अडाणी नाही. आपण सगळं तपासलं. त्यानं आपलं ओळखपत्र पाठवलं, घराचा फोटो पाठवला. एसटीनं पार्सल पाठव, मी डेपोत जाऊन सोडवून घेतो, असंही त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, दादा, नाजूक वस्तू आहे, कुरियरनंच पाठवतो. सकाळी निम्मे पैसे मागितले, ते दिले. दुपारी निरोप आला, पार्सल नाक्यावर अडकलंय, तेवढीच रक्कम आणखी भरावी लागेल, पार्सल हातात पडलं की ही रक्कम परत मिळेल. शिक्क्याची पावतीसुद्धा आली.

"चारच्या आत नाही भरली, तर पार्सल माघारी. आणि सकाळचे पैसे बुडाले."

"पैसे कोणाचे?"

मुरलीधररावांनी अंगणाकडे पाहिलं.

"घरातलेच..."

"कोणाचे?"

"वेणूच्या कवळीचे." आवाज एकदम खाली आला. "पुढच्या आठवड्यात माप द्यायला जायचं आहे. तोवर मी भरून काढणार होतो. पेन्शन येईल, भिशी लागेल... तिला कळणारही नाही. सहा महिने दुधात भाकरी कुस्करून खाऊन राहिली ती, आत्याबाई. परवा मला म्हणाली, पहिल्यांदा काय खाईन सांगा? म्हटलं, काय? तर म्हणे, भाजलेलं कणीस."

मोबाइल थरथरला. मुरलीधररावही थरथरले.

*दादा दंडवत प्रणाम, पंचवीस मिनिटं राहिली. नाक्यावरचे साहेब ओरडून राहिले.*

"पाहा, आठवण करून देतो बिचारा." त्यांनी पडदा आत्याबाईंपुढे धरला. "लबाड माणूस इतकी काळजी करेल? तुम्ही फक्त हो म्हणा. तुमचा शब्द पडला की मी पाठवतो. आज सकाळपासून माझं डोकं चालत नाही."

आत्याबाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी सुई आणि दोरा पुढे केला.

"मला आता दिसत नाही. ओवून दे."

"आत्ता?"

"आत्ता."

मुरलीधररावांनी मोबाइल मांडीवर ठेवला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. सुई उजेडाकडे धरली. दोरा डावीकडून गेला. पुन्हा धरला, उजवीकडून गेला. मोबाइल मांडीवर गुरगुरला आणि सुई हातातून पडली.

"हात कापतो आहे तुझा."

"वेळ जातोय म्हणून कापतोय!"

"या हातानं सुई ओवत नाही, आणि पैसे पाठवायला निघाला."

मुरलीधरराव ओशाळले. सुई शोधून त्यांनी गोधडीत खोचून ठेवली.

"तुम्ही त्याला ओळखता, आत्याबाई. त्याची आई दरवर्षी तुमच्या दर्शनाला येते. तुमच्याबद्दल किती भरभरून लिहिलंय त्यानं! तुमच्या आशीर्वादानं त्याची नोकरी लागली म्हणे."

"आईचं नाव काय?"

"ते... नाही विचारलं. तुम्हाला आठवेल असं वाटलं."

"मला पुष्कळ जण ओळखतात, मुरलीधर. मी थोड्यांनाच ओळखते."

"पण मी न सांगता त्यानं ओळखलं ना, की मी पंथातला आहे! पहिलाच शब्द दंडवत प्रणाम. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, माणसाला माणूस ओळखतो तो असा."

"तुझ्या मोबाइलवर तुझं चित्र आहे ना? लोकांना दिसतं ते?"

"आहे."

"त्यात कोण कोण आहे?"

"मी... आणि तुम्ही. जत्रेतलं आहे. खाली तुमचं नाव पण लिहिलंय मी."

बोलता बोलता मुरलीधरराव थांबले.

कडुनिंबावर एक कावळा उगाच ओरडत राहिला.

"ते असू दे," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्याबद्दल बोलला. आईबद्दल बोलला. वडिलांबद्दल, नोकरीबद्दल, नाक्यावरच्या साहेबाबद्दल बोलला. वाट्यांबद्दल काय म्हणाला?"

"म्हणजे?"

"वाट्या घेतोस ना तू? मग वाट्यांबद्दल काय म्हणाला?"

मुरलीधररावांनी बोटानं निरोप वर सरकवायला सुरुवात केली. सकाळचे, कालचे, परवाचे. दंडवत प्रणाम, दादा, आईची तब्येत, देवाची कृपा, पैसे आले का, पैसे पाठवा, पावती पाहा, विश्वास ठेवा, विश्वास ठेवा. ते पार पहिल्या निरोपापर्यंत गेले. तिथून पुन्हा खाली आले.

"काहीच नाही..." ते पुटपुटले.

"तुझ्या वाट्यांत खोडीची कोणती?"

"पंचमाची. निळ्या काठाची. पाणी जरा इकडंतिकडं झालं की..." ते हिरिरीनं सांगू लागले आणि अर्ध्यातच गप्प झाले.

"विचार त्याला."

मुरलीधररावांनी लिहिलं. *भाऊ, वडील वाजवायचे ना, मग यातली खोडीची वाटी कोणती ते सांग.*

उत्तर लगेच आलं.

*दादा एकही खराब नाही, सगळ्या ओरिजिनल, एकदम नव्यासारख्या. पैसे पाठवले का?*

मुरलीधररावांनी ते मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. जन्मभर वाजवणाऱ्या माणसाच्या घरात, एकाही वाटीनं कधी कोणाला त्रास दिला नाही, असा संच त्यांनी कुठं ऐकलाही नव्हता. वडिलांची कुरकुर पोराच्या कानावर पडल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात तर वेणूबाईंनासुद्धा ठाऊक होतं, की सकाळी सकाळी नवऱ्याचा आवाज चढला म्हणजे निळी वाटी रुसली.

त्यांना कळलं. छातीत दगड पडावा तसं कळलं.

पण कळलं म्हणून सुटलं, असं थोडंच होतं?

"आत्याबाई, आता मात्र एकच वाट राहिली," ते घाईनं म्हणाले. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते. "हे निम्मे भरून टाकतो. एकदा भरले की सगळेच परत मागायला तोंड राहील. नाही भरले तर सकाळचे तर गेलेच! ते कसे सोडू? वेणूचे आहेत ते!"

आत्याबाईंनी गोधडीची घडी घालून ती बाजूला ठेवली.

मोबाइल वाजू लागला. या वेळी निरोप नव्हता, फोन होता.

"इथं आवाज नीट येत नाही. त्या निंबाखाली जाऊन बोलतो. दोन शब्द बोलतो फक्त." मुरलीधरराव उठले, पायरी उतरले, आणि खाली पाहून थबकले.

चप्पल एकच होती.

दुसरी अंगणाच्या पार पलीकडे, कुंपणाशी. एका लालसर कुत्रीच्या तोंडात. पुढच्या दोन पंजांखाली दाबून ती पट्टा चघळत होती, अगदी निवांत.

"अगं ए! हाड! हाड म्हणतो ना!"

कुत्रीनं मान वर केली, शेपूट हलवली, चप्पल उचलली आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. मुरलीधरराव अनवाणी धावले. ती आणखी दहा पावलं पुढे गेली आणि पुन्हा बसली. एका हातात वाजणारा मोबाइल, दुसऱ्या हातात फेकायला उचललेली माती. "टाक ती! टाक, रांडे!" म्हणाले, आणि आश्रमात उभे आहोत हे आठवून त्यांनी जीभ चावली.

मागून आत्याबाई आल्या. कमरेतून वाकलेल्या, सावकाश. त्यांच्या हातात राहिलेली चप्पल होती.

त्यांनी ती मुरलीधररावांपुढे धरली.

"हीपण टाक तिच्यापुढं."

"काय?"

"टाक ना. म्हणजे पहिली आणून देईल."

मुरलीधरराव त्यांच्याकडे पाहत राहिले. मग कुत्रीकडे. मग चपलेकडे.

फोन वाजत होता. वाजत होता...

त्यांनी तो बंद केला.

कुंपणापाशीच ते मटकन खाली बसले. चार वाजले असतील, वाजून गेले असतील. नाक्यावर कुठलंच पार्सल नव्हतं आणि कुठलेच साहेब ओरडत नव्हते. कुत्री मात्र पट्टा तोडून मोकळी झाली होती.

"माणूस ओळखण्यात आपण नाही चुकत..." मुरलीधरराव स्वतःशीच म्हणाले आणि हसायला गेले. हसू आलं नाही.

"आधी ठाण्यात जा," आत्याबाई म्हणाल्या. "आजच. बँकेतही सांग."

"ठाण्यात? अहो, तिथला शिपाईसुद्धा मला ओळखतो. वैराळेसाहेब म्हणतो. काय तोंडानं सांगू?"

"त्याच तोंडानं. तू लाजून घरी बसलास, की तो उद्या दुसऱ्याला दंडवत प्रणाम करील."

मुरलीधररावांनी मान हलवली. पैसे परत येतील की नाही, हे त्यांनी विचारलं नाही, आणि आत्याबाईंनी सांगितलं नाही. पण ठाण्यापेक्षाही अवघड दार पुढे होतं, आणि ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. चुलीपाशी बसलेली वेणू. तोंडाला पदर. अर्धी कवळी थोडीच कोणी बसवून देतो?

"ठाण्यात जाईन," ते म्हणाले. "पण वेणूला... तिला कसं सांगू? कुठून सुरुवात करू? गावभर माझी अक्कल पाजळली मी, आणि तिच्याच दातांचे पैसे... आत्याबाई, मला शब्दच सापडत नाही हो."

आत्याबाई वाकल्या. हातातली चप्पल त्यांनी मुरलीधररावांच्या उजव्या पायापाशी नीट ठेवली.

"ही एकच घालून जा."

"एकच? अहो, सगळा गाव हसेल!"

"हसू दे. वेणू विचारील, दुसरी कुठं आहे... तिथून सुरुवात कर."