पंचवीस फूट दोर

एकदा एका वृद्ध गणिती गुरुजींकडे एक शिष्य शिकत होता. बुद्धी लखलखीत, पण पायऱ्या मांडायचा भारी कंटाळा. उत्तर तोंडावर तयार असताना कागद कशाला काळा करायचा, असा त्याचा खाक्या!

गावच्या विहिरीच्या भिंतीला पाण्यालगत भेग पडली होती. ती बुजवायला खंडूजी गवंडी दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून उतरणार होते. दोर किती सोडायचा, हे गुरुजींनी शिष्याला त्रिकोणांवरून काढायला सांगितले. विहीर आठ फूट रुंद, कठडा नसलेली. शिष्य काठापासून दोन फूट मागे उभा राहिला, तेव्हा पलीकडच्या भिंतीला पाणी टेकते ती रेघ त्याला काठावरून जेमतेम दिसली. त्याचा डोळा जमिनीपासून पाच फुटांवर होता.

"दोन फुटांत नजर पाच फूट उतरते. पलीकडची भिंत माझ्यापासून दहा फुटांवर. म्हणजे पंचवीस!"

"पडताळलंस?" गुरुजींनी विचारले.

"एवढ्याशा गणितात काय पडताळायचं, गुरुजी?"

पंचवीस फूट दोर मोजून खुंटाला बांधला. खंडूजी पाळण्यात बसले, कंबर आवळली. तोच गुरुजी पुढे झाले, त्यांनी खंडूजींना उठवले आणि ते स्वतःच आत बसले. वय अठ्ठ्याहत्तर, पोहण्याचे नाव नाही!

"बांधा मला. सोडा खाली."

शिष्य पांढराफटक पडला. "थांबा!" म्हणून ओरडला. त्याने मातीत आकृती काढली, एकेक पायरी मांडली, आणि चूक सापडली. पंचवीस फूट हे अंतर डोळ्यापासूनचे होते! जमिनीवरचे पाच फूट वजा करायचेच राहिले होते. पाणी वीस फुटांवरच होते. कमरेला बांधलेला माणूस डोक्यासकट बुडाला असता.

गुरुजी सावकाश पाळण्यातून बाहेर आले. "चूक माझीही होते रे. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे खंडूजी बसले होते तेव्हा तुला पडताळावंसं वाटलं नाही, मी बसल्यावर वाटलं. पायऱ्या गुरूला दाखवायला मांडायच्या नसतात. दोराच्या टोकाला जो बसणार, त्याच्यासाठी मांडायच्या."

शिष्याला मान वर करवेना. तो खंडूजींसमोर मातीत बसला आणि त्याने पहिल्यापासून प्रत्येक पायरी त्यांना समजावून सांगितली.

"समदं पटलं," खंडूजी म्हणाले. "पर माणूस बसला की दोर ताणतो, चांगला वीतभर. त्ये धरलंय का?"

शिष्याने चमकून गुरुजींकडे पाहिले. ते त्यांनीही धरले नव्हते.

शिष्याने दोर आधी पाच फूट आणि मग आणखी वीतभर आखडला आणि हात जोडून विचारले, "आता, खंडूदादा?"

खंडूजींनी गाठ ओढून पाहिली. "आता सोडा," म्हणाले, आणि पाळण्यात बसले.