चाळीस पावसाळ्यांची माती

एका बाजाराच्या गावात प्रयागबाई नावाची एक खानावळवाली राहत होती. नवऱ्यानं टाकलेली. हातात भाकरी थापायची कला तेवढी होती, आणि त्या कलेवर तिनं एस. टी. स्टँडमागं पत्र्याच्या शेडमध्ये अठ्ठावीस वर्षं खानावळ चालवली. भाजी तिखट करायची, आणि जीभ त्याहून तिखट. बाजारात ती येताना दिसली की माळणी सावरून बसत. एकेका भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय पावशेर भेंडी घ्यायची नाही.

एका माळणीनं एकदा वैतागून विचारलं, "बाई, भाजी घ्यायला आलीस का सोयरीक जुळवायला?"

प्रयागबाई म्हणाली, "सोयरीक न बघता केली होती. म्हणून आता भाजी बघून घेते."

अशी ही बाई. आणि हीच बाई एक घर न बघता घ्यायला निघाली होती. ते कसं, ते ऐका.

प्रयागबाईची आई ऐंशीच्या पुढची. कमरेखालून लुळी पडलेली, पण वर सगळं शाबूत, विशेषतः तोंड. उन्हाळा आला की पत्र्याच्या शेडमध्ये म्हातारी भाजून निघायची. ओल्या फडक्याखाली पडून राहायची आणि पत्र्याला शिव्या द्यायची. प्रयागबाईनं मनाशी धरलं होतं, आईला शेवटचे चार उन्हाळे गारव्यात निजवायचं. मातीच्या माळवदाखाली. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माती, असं ते सपाट छत. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी आत गार.

त्याच गावात मन्मथअप्पांचं पाच खणांचं माळवद विकायला निघालं.

अप्पा म्हणजे जुने मापाडी. सगळ्या गावाची ज्वारी-तूर त्यांच्या हातून मोजून गेली, पण त्यांचं माप कुणी दुसऱ्यांदा मोजून पाहिलं नाही. आता ते आणि त्यांच्या सुगलाबाई मुलाकडं शहरात राहायला जाणार होते. प्रयागबाईच्या मनात अप्पांना वेगळाच मान होता. नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या खानावळीत जेवायला सुरुवातीला कुणी पाय ठेवत नव्हतं. तेव्हा भर बाजाराच्या दिवशी सगळ्यांच्या देखत पहिले अप्पा येऊन पाटावर बसले होते. त्यांच्यामागं गाव आलं.

अप्पांनी स्वतः तिला घर दाखवलं. भिंती सारवलेल्या, लाकडावर चुना, जमीन आरशासारखी. मधल्या खणात उभं राहिल्यावर पायांना गारवा लागला. इथंच आईची बाज टाकायची, तिनं ठरवून टाकलं.

अप्पा अभिमानानं म्हणाले, "चाळीस वर्षं झाली. मृग लागायच्या आधी दरसाल माळवदावर नवी माती टाकली. एक पावसाळा चुकवला नाही. दर दिवाळीला चुना. एक थेंब गळलेला कुठं दिसला तर दाखव."

"अप्पा, तुमचा शब्द म्हणजे झालं," असं म्हणून प्रयागबाई घरी आली. सोमवारी इसार द्यायचा ठरला.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर कुणाला दाखवलंस?"

"अप्पांनी स्वतः दाखवलं की."

"म्हणजे विकणाऱ्यानं घेणारीला दाखवलं. जाणत्या माणसानं कुणी बघितलं का?"

"आई, अप्पा खोटं बोलत नाहीत."

"मी कुठं म्हणते बोलतात म्हणून? पावशेर भेंडीची टोकं मोडतेस आणि घर नुसत्या गारव्यावर पसंत करतेस? प्रयागे, उद्या छत खाली आलं तर तू पळशील. मी काय करू?"

प्रयागबाई चुलीकडं वळली. त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली तेव्हा तिनं त्यांनाच चार शब्द सुनावले, पण आतून तिला ठाऊक होतं की आई बरोबर बोलली. आड येत होती ती भीड. लबाड माणसापुढं आपण दहादा तपासतो. सज्जन माणूस दिसला की तपासायची लाज वाटते. जणू भिंतीला हात लावला तर त्याच्या गालालाच हात लागला. पुष्कळ शहाणी माणसं इथंच फसतात, आणि फसवणारा कुणी नसतानाही फसतात.

दोन दिवस तिनं स्वतःशी भांडून काढले. तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती तालुक्याला गेली आणि महेबूब मिस्त्रीला भेटली. जुनी घरं बांधण्यात आणि उतरवण्यात त्याची हयात गेली होती. गावातला गवंडी तिनं मुद्दाम टाळला. अप्पांच्या घरचा चहा प्यालेला माणूस अप्पांच्या माळवदावर चढून खरं बोलायला कचरला असता.

महेबूब मिस्त्री म्हणाला, "येतो मावशी. पण बघायचे पैसे घेईन. फुकट सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही. आणि घर चांगलं निघालं तर पैसे वाया गेले म्हणून रडायचं नाही."

"चांगलं निघालं तर पेढे देईन," प्रयागबाई म्हणाली.

मिस्त्री हातोडी, पटाशी आणि पहार घेऊन अप्पांच्या दारात उभा राहिला. अप्पांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग प्रयागबाईकडं. त्यांचा चेहरा उतरला. शेजारचे दोघं-तिघं ओट्यावर आले होतेच.

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "प्रयागबाई, माझ्या शब्दावर तू मिस्त्री आणलास?"

एवढं लागट तिला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही. ओट्यावरचा एकजण म्हणाला, "अप्पांचं माप तपासायला निघाली, बघा." मागं फिरावं, मिस्त्रीच्या हातावर पैसे ठेवून त्याला गाडीत बसवावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण डोळ्यांपुढं आईची बाज आली. बाजेवरून पळता न येणारी आई.

ती म्हणाली, "अप्पा, तुमच्या शब्दावर नाही आणला. तुमच्या माळवदावर आणलाय. तुम्ही ठाऊक असलेलं लपवणार नाही, हे मी कुठंही सांगेन. पण तुम्हाला जे ठाऊकच नसेल, ते तुम्ही मला कसं सांगणार?"

अप्पा दारातून बाजूला झाले एवढंच.

मिस्त्रीनं घाई केली नाही. भिंतींवर थापा मारत गेला, खांबांच्या पायाशी बसून लाकूड टोकरत गेला. "भिंती झकास," म्हणाला. "खांबही चांगले." ओट्यावरची माणसं हसली. प्रयागबाईचे कान लाल झाले. मग मिस्त्री मधल्या खणाच्या दाराशी थांबला. दार लावून बघितलं, उघडून बघितलं. वरच्या बाजूला रंधा मारल्याच्या खुणा होत्या.

"अप्पा, हे दार कधी तासलं?"

"गेल्या साली. त्याच्या आधीही एकदा. फुगतं ते पावसात."

"पावसात फुगलेलं दार उन्हाळ्यात सुटं होतं. हे झालं का?"

अप्पा विचारात पडले. "नाही झालं."

"मग ते फुगलं नव्हतं. चौकट वरनं दबतेय." मिस्त्रीनं मान वर करून तुळईकडं पाहिलं. "इथं खाली कोण झोपतं?"

आतापर्यंत गप्प असलेल्या सुगलाबाई म्हणाल्या, "आम्ही दोघं. माझ्या कानात माती पडते. दोन वर्षं ह्यांना सांगतेय, तर म्हणतात उंदीर असेल."

घरातल्या बाईनं सांगितलेलं बांधकामात धरायची पद्धत नाही. मिस्त्रीनं मात्र ते धरलं. जिना चढून तो माळवदावर गेला. मागोमाग अप्पा, मागोमाग पदर खोचून प्रयागबाई.

वर सगळं सपाट, लख्ख. कडेला बुटका कठडा. मिस्त्री कठड्याजवळ उभा राहिला तर तो त्याच्या पोटरीला लागला.

"एवढा बुटका कठडा कुणी बांधला?"

"बुटका कुठला? माझ्या लग्नात पोरं पडू नयेत म्हणून वडलांनी कमरेएवढा बांधून घेतला होता," अप्पा म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. स्वतःच्या पायांकडं बघू लागले. जणू आपण कशावर उभे आहोत ते त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

पाणी जायची पन्हळ कठड्यात वरच्या बाजूला होती. मिस्त्रीनं कठड्यावरून बाहेर वाकून पाहिलं. तिच्या खाली, मातीत बुजलेली, दुसरी पन्हळ होती. "पाणी तुंबायला लागलं म्हणून ही वर बसवली," अप्पा पुटपुटले.

मिस्त्रीनं पहार मारली. एका जागी खड्डा करत गेला. माती निघतच राहिली. खड्ड्याच्या कडेला थर दिसू लागले, शिळ्या भाकरींची चवड रचावी तसे, एकावर एक, एकावर एक. दीड हात खोल गेल्यावर खाली लाकडाची फळी लागली.

"अप्पा, नवी माती टाकताना जुनी काढत होता का?"

"काढायची कशाला? चांगली तर होती."

मिस्त्री उठून उभा राहिला. हात झटकले. "घरावर अर्धा हात माती असते. तुमच्या घरावर तिप्पट आहे. ओली झाली की आणखी जड. अप्पा, सगळ्या गावाचं धान्य मोजलंत. डोक्यावरची माती मोजायची राहून गेली."

अप्पा खड्ड्यापाशी वाकून थर बघू लागले.

खाली येऊन मिस्त्रीनं आधी दोन बल्ल्या मागवल्या आणि मधल्या तुळईला टेकू दिला. मगच पटाशीनं तुळईवरचा चुना खरवडला. चाळीस दिवाळ्यांचा चुना, पापुद्रे पडू लागले. चुन्याखाली एक चीर होती. चिरेतला चुना टोकरल्यावर आत नख गेलं, मग बोट. वाळवीनं पोखरलेला भुसा खाली सांडला. अप्पा पुढं झाले आणि त्यांनी स्वतः हात घातला. अख्खा पंजा मनगटापर्यंत आत गेला.

तो हात त्यांनी बराच वेळ बाहेर काढला नाही. ओट्यावरची माणसं आत येऊन भिंतीला टेकून उभी होती. मघाशी बोललेला आता जमिनीकडं बघत होता. सुगलाबाईंनी तुळईखालचं अंथरूण ओढून बाहेर नेलं. कुणी न सांगता.

शेवटी अप्पा प्रयागबाईकडं वळून म्हणाले, "बाई, तू याला आणला नसतास, तर हे घर मी तुला देवापुढं शपथ घेऊन विकलं असतं. आणि शपथ खरी असती."

प्रयागबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. ती म्हणाली, "म्हणूनच भीती वाटली, अप्पा. खोट्या शपथेला मी ओळखलं असतं."

सोमवारी इसार झाला नाही. त्या सोमवारी माळवदावर फावडी चालली. चार माणसं सहा दिवस माती उतरवत होती. बैलगाड्या भरभरून ती शेतात गेली. मधली तुळई काढली तेव्हा खाली ठेवतानाच तिचे दोन तुकडे झाले. तिच्या जागी नव्या दोन तुळया चढल्या, चौकट सरळ झाली, वर अर्धा हात माती अंथरली. तुळयांचा खर्च अप्पांनी हट्टानं स्वतः केला, मजुरांना जेवण प्रयागबाईनं घातलं, आणि ह्यावरही दोघांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. मिस्त्री पुन्हा एकदा सगळं बघून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, आता खुशाल घ्या. आणि मातीवर माती टाकू नका. जुनी काढा, मग नवी." मग प्रयागबाईनं घर घेतलं.

मृगाच्या आधी गावातली माणसं दरसालसारखी मातीच्या पाट्या घेऊन आपापल्या माळवदावर चढली. त्या वर्षी त्यांच्या बरोबर पहारीही होत्या.

म्हाताऱ्या आईला चौघांनी बाजेसकट उचलून मधल्या खणात आणलं. ती उताणी पडून बराच वेळ वर बघत राहिली. प्रयागबाईनं विचारलं, "आई, गार वाटतंय का?"

म्हातारी म्हणाली, "गार तर आहेच. पण आता मरेन ती वयानं मरेन. माळवदानं नाही. हे जास्त बरं वाटतंय."

तात्पर्य: माणूस खरा असला म्हणजे त्याचं घरही भक्कम असतं असं नाही, खऱ्या माणसालाही आपल्या डोक्यावर काय साचलंय ते ठाऊक नसतं. म्हणून माणसावर खुशाल विश्वास ठेवा, पण जुनं घर घेण्याआधी भीड बाजूला ठेवून जाणत्याला माळवदावर चढवा. त्यात घेणाऱ्याचंही भलं असतं आणि विकणाऱ्याचंही.