पिटूची गिरकी

काचेची एक बरणी होती. बरणीत राहायचा पिटू मासा. काचेला चिकटून राहायची गोगो गोगलगाय. पिटू तेव्हा तांदळाएवढा होता. गर्रकन गिरकी घ्यायचा. गोगो खुदुखुदु हसायची.

पिटू मोठा झाला. बरणी तेवढीच राहिली. एकदा पिटू वळायला गेला. शेपूट काचेला लागलं. टक्!

"गोगो, माझी गिरकी हरवली!"

"थांब हं. मी आणते."

गोगो निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. शेजारी होती नवी मोठी टाकी.

"टाकी टाकी, पिटूला घे ना! गिरकी काही येईना!"

"घेणार नाही. माझं पाणी कच्चं. कच्च्या पाण्यात मासा आजारी पडतो. पाणी लोणच्यासारखं मुरलं की घेईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"पाणी पाणी, मुर ना! टाकी घेईना, गिरकी काही येईना!"

"मुरणार नाही. फिल्टरने गाळलं की मुरेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"फिल्टर फिल्टर, गाळ ना! पाणी मुरेना, टाकी घेईना, गिरकी काही येईना!"

"गाळणार नाही. माझा स्पंज कोरा. घाण खाणारे गुणी जंतू बरणीतल्या खड्यांवर राहतात. खडे आले की गाळेन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गोगो परत बरणीत.

"खडे खडे, चला ना! फिल्टर गाळेना, पाणी मुरेना, टाकी घेईना, गिरकी काही येईना!"

"जाणार नाही. आम्हाला पाय कुठे? मावशीने उचललं की जाऊ."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. वत्सूमावशी खुर्चीत बसली होती. टाकी तिनेच आणली होती. पण बघत होती बरणीकडे.

"मावशी मावशी, उचल ना! खडे जाईनात, फिल्टर गाळेना, पाणी मुरेना, टाकी घेईना, गिरकी काही येईना!"

"नको गं," मावशी म्हणाली. "किती दिवसांची बरणी ही! एवढुस्सा होता पिटू. चिमटीभर दाणे त्याला आठवडाभर पुरायचे. अजून तो मला तेवढाच दिसतो."

"मलाही दिसतो," गोगो म्हणाली. "पण मावशी, त्याचं शेपूट बघ."

मावशीने वाकून पाहिलं. पिटू वळायला गेला. टक्!

"अगं बाई! दुमडलं की रे शेपूट!"

मावशीने डोळे पुसले. पदर खोचला. मूठभर खडे उचलले.

खडे गेले, डुबुक डुबुक. जंतू स्पंजात शिरले. फिल्टर गाळू लागला, बुडबुड बुडबुड. आणि पाणी?

"मुरलं का?" गोगो रोज विचारायची.

"अजून नाही."

एक रविवार गेला. दोन गेले. तीन गेले. चार गेले.

"मुरलं!" पाणी म्हणालं.

मावशीने पिटूला वाटीत घेतलं. हळूच सोडलं. टाकीने पिटूला घेतलं.

पिटूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आणि मग, गर्र! गर्र गर्र गर्र!

गोगो हसली, खुदुखुदु. मावशी हसली, खो खो खो.

"गोगो, तूही ये ना!" पिटूने हाक मारली.

मावशीने गोगोला सोडलं. डुबुक! गोगो नव्या काचेवर चढू लागली. केवढी लांब काच! सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आपलं जेवण झालं, झोप झाली, तरी गोगो आपली चालतेच आहे.