दाराला लावलेले कान

"मूल रडलं की नाही रडलं, एवढंच सांगा, माई. बाकी काही विचारत नाही."

"बाकी काही विचारत नाहीस, तेच तर म्हणते मी."

"खोलीत तुम्ही होतात."

"होते. इडोनियाच्या उशाशी होते. मी तिच्याकडे बघत होते."

वॅरिन तरी आपल्या घोड्याकडे वळला नाही.

सिबिलमाई नदीकाठी झोपडी बांधून एकटीच राहायची, देवाचं नाव घेत. तिच्या शब्दावर त्या मुलखात कुणी शंका घेत नसे. इडोनियाला लहानपणी अक्षरं तिनेच शिकवली होती, म्हणून बाळंतपणाला पोरीने तिलाच बोलावून घेतलं. बाळ गेलं. मागोमाग बाळंतीणही गेली.

वॅरिन हा तिचा नवरा. मोठ्या सरदाराचा मुलगा, पण धाकटा. त्या काळच्या इंग्लंडात बापाचं सगळं थोरल्याला जायचं. धाकट्याने एक तर मठात जावं, नाहीतर जमीनवाली बायको बघावी. वॅरिनने जमीनवाली बघितली. गढी, गिरणी, नदीपल्याडची कुरणं, सगळं इडोनियाचं, तिच्या बापाकडून आलेलं.

आणि कायदा कसा, तर बायको मेली की तिची जमीन नवऱ्याकडे जन्मभर राहायची, पण तिच्या पोटी जिवंत मूल जन्मलं असेल तरच. मग ते घटकाभरात गेलं तरी चालेल. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव, म्हणून पुरावा कानांचा. मूल चार भिंतींच्या आत रडलं आणि ते बाहेर ऐकू आलं, की झालं. हा कायदा बसवणाऱ्यांत बाई एकही नव्हती, हे मी वेगळं सांगायला नको.

मूल रडलं नसेल, तर सगळं इडोनियाच्या धाकट्या बहिणीचं, मॅबेलचं. आणि वॅरिन पुन्हा थोरल्या भावाच्या पंगतीत, शेवटच्या बाकावर.

म्हणून त्या दिवशी तीन प्रतिष्ठित माणसं सोबत घेऊन तो दाराला कान लावून उभा होता. त्यांतले दोघं म्हणाले, मूल रडलं. तिसरा म्हणाला, ती बिजागरी होती. सुईण म्हणाली, माझे हात कामात होते, कानांचं मला विचारू नका. खुद्द वॅरिनचं मत दर दिवशी बदलत होतं, आणि दर दिवशी थोडं थोडं रडण्याकडे झुकत होतं.

"झोपडीत राहणाऱ्याला गढी जाते म्हणजे काय, ते कसं कळणार?" तो म्हणाला.

"खरं आहे. छप्पर गळतं म्हणजे काय, तेवढंच कळतं मला."

"माई, मी थट्टा करत नाहीये. आम्ही दारापासून हललो नाही. पहाटेपासून उन्हं उतरेपर्यंत. श्वाससुद्धा जपून घेतला."

सिबिलमाईने झोपडीच्या दारावर हात ठेवला.

"एवढे तिखट कान असतील, तर साक्षीला मी कशाला? चल, बघू दे मला. तू बाहेर उभा राहा. आत मूल रडलं तर सांग."

त्याला हसू आलं. तरी तो बाहेर उभा राहिला. तिने दार लावून घेतलं.

वॅरिनने फळीला कान लावला.

आत वाकळ सरकल्याचा आवाज झाला. मग माईचा आवाज आला, "वॅरिन..."

थोड्या वेळाने पुन्हा. "वॅरिन, आहेस ना रे बाहेर?"

घोडा फुरफुरला, तेव्हा वॅरिनने हात वर करून त्याला गप्प केलं.

आतला आवाज अजून एकदा आला. बारीक झाला. मग थांबला.

...

दार उघडलं.

"रडलं?"

"नाही."

"मग काय ऐकलंस?"

"काहीच नाही."

"नीट आठव."

"काही नाही, माई. तुम्ही मला हाका मारत होतात, तेवढंच."

"ओ का दिली नाहीस?"

"ओ दिली असती, आणि नेमकं तेव्हाच मूल रडलं असतं, तर..."

त्याचा हात अजून फळीवरच होता. तो त्याने हळूच काढून घेतला, फळी तापलेली असावी तसा.

पुढे वॅरिनने साक्षीला कुणालाच उभं केलं नाही. गढीच्या किल्ल्या स्वतः जाऊन मॅबेलच्या हाती दिल्या. लोक म्हणाले, साक्षीदार फुटले. साक्षीदार कुणी फुटलं नव्हतं. सिबिलमाई त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून त्याला एवढंच म्हणाली होती,

"इडोनियाही हाका मारून आतून कान लावून होती."