रताळ्याचं गेलेलं नाव

"मग फ्रान्सचे लोक त्याला काय म्हणतात?" बुवांनी विचारलं.

"पोम द तेर," मिराशी म्हणाला. "म्हणजे मातीतलं सफरचंद."

"बटाट्याला?"

"हो, बुवा."

बुवा खुदकन हसले. मी चुलीपाशी बसून तोच बटाटा सोलत होतो. मातीतलं सफरचंद म्हणे! खेमबुवांच्या मठात तीस वर्षं मी रांधतोय. बटाट्याची माती धुऊन धुऊन बोटं फाटली माझी. आत सफरचंद कधी निघालं नाही.

हा मिराशी कुठल्याशा कॉलेजात परदेशी भाषा शिकवायचा. मठात येऊन त्याला वीस दिवस झाले होते. वीस!

त्या दिवशी एकादशी. सकाळी अंगणातून बुवांची हाक आली, "लेकरा, ये. बस इथं."

मी हातातली घागर टेकवली आणि धावलो.

हाक मला नव्हती, मिराशीला होती...

मी पासष्टीचा, बुवा नव्वदीला टेकलेले. अख्ख्या मठात 'लेकरा' ते फक्त मला म्हणायचे. बाकी सगळ्यांना नावानं.

तेव्हापासून मी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. म्हटलं, दाखवूच याला, एकादशी कशाला म्हणतात ते. हा शहाणा दोन केळी खाऊन, वर चहा पिऊन बसला होता.

"आणि जर्मन?" बुवांनी विचारलं.

"कार्टोफेल. तो शब्द मुळात इटलीतला. तिकडे जमिनीखाली एक अळंबी वाढते, तिचं नाव. बटाटा तसाच दिसला, दिलं त्यालाही."

"एकाला सफरचंद दिसलं, एकाला अळंबी. आणि आपला बटाटा कुठला?"

"पोर्तुगीजांचा. तेही असंच काहीसं म्हणतात. पण बुवा, गंमत अशी, ते नाव बटाट्याचं नव्हतंच."

"मग?"

"रताळ्याचं. समुद्रापलीकडच्या बेटांवरची माणसं रताळ्याला तसं म्हणायची. युरोपात रताळं आधी पोचलं. बटाटा मागून आला, आणि नाव त्याला गेलं."

माझी सुरी थांबली.

"मग रताळ्याला काय म्हणायला लागले?" मी विचारलं. वीस दिवसांत त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"गोड बटाटा, काका."

"मी तुझा काका नाही."

"बरं. गोड बटाटा, धर्माजी."

"म्हणजे आधी आलेल्याचं नाव मागून आलेल्यानं घ्यायचं. आणि आधीच्यानं आपलंच नाव उष्टं करून परत घ्यायचं. असंच ना?"

चुलीतलं लाकूड तडकलं.

मी कढईकडे वळलो. फोडणी केली, बटाटे टाकले, ढवळत राहिलो. डोळ्यांत धूर गेला होता. धूरच.

"बुवा," मी पाठमोराच म्हणालो, "मला आता काय म्हणून हाक मारणार?"

मी झारा कढईच्या काठावर आपटला.

"सांगा की! धर्माजी म्हणा. नाहीतर अरे-ए म्हणा. मला काय, चालेल कुठलंही."

मी ताट वाढलं आणि त्यांच्यापुढे आपटलं.

मिराशीनं ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मीही पाहिलं.

भाजी पिवळीधमक.

हात रोजच्या सवयीनं हळदीत गेला होता. उपासाला हळद चालत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीस वर्षांच्या एकादश्या, एकदाही चुकलो नव्हतो.

"बुवा, यांचं लक्ष माझ्या बडबडीनं उडालं," मिराशी हळूच म्हणाला. "चूक माझी आहे."

त्याच्या केळ्यांपेक्षा, भाषांपेक्षा त्याचं हे चांगुलपण मला जास्त झोंबलं.

"तू नको सांगूस माझी चूक कुणाची ते!" मी ताट ओढलं. "द्या बुवा. दुसरी करतो."

बुवांनी ताटाची पलीकडची कड धरली. मी ओढलं. ताट हललं नाही. नव्वदीच्या बोटांत एवढा जोर कुठून आला, कोण जाणे.

साठ वर्षांत बुवांनी एकादशी मोडली नव्हती. तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा नाही.

त्यांनी दुसऱ्या हातानं एक पिवळी फोड उचलली. तोंडात घातली. सावकाश चावत राहिले, माझ्याकडे बघत...

"बुवा!" मी ओरडलो. "उपास मोडला की तुमचा!"

बुवांनी घास गिळला.

"माझा आत्ता मोडला, लेकरा," ते म्हणाले. "तुझा सकाळीच मोडला."