इवलीची लाल चिंधी आणि गाडीचा पंखा

एक होती उंदरी. एवढीशी. तुमच्या अंगठ्याएवढी. तिचं नाव इवली.

इवली राहायची कुठे? शालनकाकूंच्या निळ्या गाडीत. सीटवर नाही हं! पुढे, बॉनेटच्या खाली. तिथे अंधार. तिथे ऊब. आणि तिथेच गाडीचा पंखा.

पंखा फार भला होता. संध्याकाळी काकू घरी यायच्या. गाडी बंद करायच्या. तरी पंखा थोडा वेळ फिरत राहायचा. घूं घूं घूं. तापलेल्या गाडीला गार करायचा. इवलीला वाटायचं, पंखा आपल्यासाठीच गातोय. घूं घूं घूं. ऐकता ऐकता इवलीचे डोळे मिटायचे.

इवलीजवळ एकच वस्तू होती. एक लाल चिंधी. मऊ मऊ. आई शेतात राहायला गेली, तेव्हा आईने दिली होती. चिंधीला अजून आईचा वास यायचा.

एकदा काय झालं, थंडी पडली. पंख्याच्या फटीतून वारा आला. हूऽऽ हूऽऽ. इवली कुडकुडली. तिने चिंधी घेतली. पंख्याच्या फटीत कोंबली. दाबून दाबून कोंबली.

"आता नाही वारा लागणार!" इवली म्हणाली.

पंख्याला विचारलं का तिने? नाही विचारलं.

सकाळी इवली दाणे शोधायला गेली. काकू गाडी घेऊन गेल्या. परत आल्या, तर गाडी करतेय फुस्स फुस्स! नाकातून वाफ! काकूंनी कान देऊन ऐकलं. घूं नाही, घां नाही.

"अहो," काकू काकांना म्हणाल्या, "पंखा जळला वाटतं."

धोंडूकाकांनी सायकल काढली. ट्रिंग ट्रिंग. दुकानातून नवा पंखा आणला. खोक्यात घालून आणला. आणि आधी चहा प्यायला बसले.

इवली परत आली. गाडीखालून आत शिरली. बघते तर चिंधी पंख्यात अडकलेली! तिने ओढली. येईना. दातांनी ओढली. येईना.

"पंख्या, पंख्या, माझी चिंधी सोड!"

"कशी सोडू, इवले?" पंखा हळूच म्हणाला. त्याचा आवाज खरखरीत झाला होता. "मला बोल्टांनी धरलंय. बोल्ट सुटले, तर मी सुटेन."

इवलीला पंख्याकडे बघवेना.

तुरुतुरु तुरुतुरु, इवली गेली बोल्टांकडे.

"बोल्टांनो, बोल्टांनो,
पंखा चिंधी सोडेना!
सुटा ना, सुटा ना!"

"आम्ही नाही सुटणार!" बोल्ट म्हणाले. "आम्ही घट्ट! पाना फिरला, तर आम्ही सुटू."

चिंधी तिथे गेली कशी? ते बोल्टांनी विचारलं नाही. इवलीने सांगितलं नाही.

तुरुतुरु तुरुतुरु, इवली गेली पान्याकडे. पाना पत्र्याच्या डब्यात झोपला होता.

"पान्या, पान्या,
बोल्ट पंखा सोडेनात,
पंखा चिंधी सोडेना!
फिर ना, फिर ना!"

"मी नाही फिरणार!" पाना म्हणाला. "मला कुठे हात आहेत? काकांनी धरलं, तर मी फिरेन."

चिंधी तिथे गेली कशी? ते पान्याने विचारलं नाही. इवलीने सांगितलं नाही.

तुरुतुरु तुरुतुरु, इवली गेली काकांकडे. काका बशीतून चहा पीत होते. सुर्र सुर्र.

"काका, काका,
पाना बोल्ट फिरवेना,
बोल्ट पंखा सोडेनात,
पंखा चिंधी सोडेना!
पाना धरा ना, धरा ना!"

"मी नाही धरणार!" काका म्हणाले. "गाडी केवढी तापलीय! हाताला चटका बसेल ना माझ्या! गाडी गार झाली, तर मी पाना धरीन. तू बिस्किट खा."

काकांनी बिस्किटाचा तुकडा पुढे केला. इवलीने घेतला. पण खाल्ला नाही. तसाच बशीपाशी ठेवला.

तुरुतुरु तुरुतुरु, इवली गेली गाडीकडे. गाडी उन्हात उभी होती. फुस्स फुस्स.

"गाडीबाई, गाडीबाई,
काका पाना धरेनात,
पाना बोल्ट फिरवेना,
बोल्ट पंखा सोडेनात,
पंखा चिंधी सोडेना!
गार हो ना, गार हो ना!"

"मी नाही गार होणार!" गाडी म्हणाली. "माझं डोकं तापलंय. वारा आत शिरला, तर मी गार होईन."

चिंधी तिथे गेली कशी? ते गाडीने विचारलं नाही. इवलीने सांगितलं नाही.

तुरुतुरु तुरुतुरु, इवली गेली वाऱ्याकडे. वारा जांभळीच्या झाडावर लोळत होता. आळशी कुठला!

"वाऱ्या, वाऱ्या,
गाडी गार होईना,
काका पाना धरेनात,
पाना बोल्ट फिरवेना,
बोल्ट पंखा सोडेनात,
पंखा चिंधी सोडेना!
आत शिर ना, शिर ना!"

"मी नाही शिरणार!" वारा म्हणाला. "बॉनेट तर बंद आहे. नाक आपटू का माझं? बॉनेट उघडलं, तर मी शिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु, इवली गेली बॉनेटकडे. बॉनेट कसलं, बॉनेटरावच ते! तोंड मिटून बसलेले.

"बॉनेटराव, बॉनेटराव,
वारा आत शिरेना,
गाडी गार होईना,
काका पाना धरेनात,
पाना बोल्ट फिरवेना,
बोल्ट पंखा सोडेनात,
पंखा चिंधी सोडेना!
उघडा ना, उघडा ना!"

"मी नाही उघडणार!" बॉनेटराव म्हणाले. "माझा खटका आहे गाडीच्या आत, चालवताना काकूंचे पाय असतात तिथे. काकूंनी खटका ओढला, तर मी उघडेन."

चिंधी तिथे गेली कशी? ते बॉनेटरावांनी विचारलं नाही. इवलीने सांगितलं नाही. पण आता तिचे पाय जड झाले होते.

तुरु... तुरु... तुरु... इवली गेली काकूंकडे. काकू पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

"काकू, काकू,
बॉनेट उघडेना,
वारा आत शिरेना,
गाडी गार होईना,
काका पाना धरेनात,
पाना बोल्ट फिरवेना,
बोल्ट पंखा सोडेनात,
पंखा चिंधी सोडेना!
खटका ओढा ना, ओढा ना!"

काकूंनी शेंगा खाली ठेवल्या.

"थांब थांब," काकू म्हणाल्या. "चिंधी? पंख्यात? ती काय चालत चालत गेली?"

अगं बाई! काकूंनी विचारलं.

"मी नाही खटका ओढणार," काकू म्हणाल्या. "चिंधी कोणी कोंबली, ते आधी कळू दे. नाहीतर आज नवा पंखा बसवायचा, आणि उद्या तोही जळायचा. कोणी कोंबली ते सांगितलं, तर मी खटका ओढीन."

आता कोणाकडे जायचं? बोल्ट झाले. पाना झाला. काका झाले, गाडी झाली, वारा झाला, बॉनेटराव झाले. काकूही झाल्या. आता कोणी उरलंच नव्हतं. उरली एकटी इवली.

वाऱ्याने नेली, असं सांगावं का? इवलीने वर बघितलं. वारा जांभळीवरून बघत होता. नको. बिचाऱ्या वाऱ्याने काय केलंय?

खरं सांगावं, तर काकू रागावतील. गाडीतून हाकलून देतील. चिंधी जाईल, घरही जाईल.

मग ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"मी कोंबली, काकू.
मला थंडी वाजत होती.
मी चिंधी कोंबली,
म्हणून पंखा अडकला.
पंखा अडकला,
म्हणून पंखा जळला.
पंखा जळला,
म्हणून गाडी तापली.
पंख्याने माझी चिंधी नाही धरली, काकू. मीच पंख्याला धरलं."

आणि इवली रडली. चूं चूं चूं. खूप रडली.

काकू रागावल्या का? नाही. त्या खाली वाकल्या. एका बोटाने इवलीची पाठ थोपटली.

"थंडी वाजत होती, तर सांगायचं गं, सोनू," काकू म्हणाल्या. "आणि मीही कशी! रोज गाडीत बसते. एकदा बॉनेट उघडून बघायला हवं होतं. मलाही वाईट वाटतंय हो."

काकू उठल्या. आणि मग काय झालं?

काकूंनी खटका ओढला. खटाक्!
बॉनेट उघडलं. कुर्रर्र!
वारा आत शिरला. सूंऽऽ सूंऽऽ!
गाडी गार झाली. फुस्स... फुस्स... फुस.

काकांनी चष्मा लावला. आधी बॅटरीची वायर काढली. म्हणजे झटका नाही बसणार. पंख्याचा प्लग काढला. टक्! मग काकांनी पाना धरला.

पाना फिरला. कर्र कर्र कर्र!
बोल्ट सुटले. टिंग! टिंग! टिंग! टिंग!
पंखा सुटला. काकांनी हळूच वर उचलला.
आणि चिंधी सुटली!

"अगं शालन, ही बघ चिंधी!" काका म्हणाले. "घे गं इवले, तुझी तू घे."

इवलीने चिंधी घेतली. चिंधीला मधोमध भोक पडलं होतं. काळं काळं भोक. तिने नाक लावून वास घेतला. आईचा वास नव्हता. जळका वास होता.

जुना पंखा जमिनीवर पडला होता. इवली त्याच्याजवळ गेली.

"पंख्या, पंख्या, माझं चुकलं."

"हो गं, इवले," पंखा म्हणाला. "मी खूप जोर लावला. पण फिरताच येईना."

"आता गाशील ना?"

"नाही गं. आता नाही."

काकांनी खोकं उघडलं. नवा पंखा काढला. काळा काळा, चकचकीत. तो आत बसवला. बोल्ट लावले. पाना फिरला. कर्र कर्र कर्र! प्लग लावला. टक्! बॅटरीची वायर लावली.

"शालन, कर गं चालू!"

काकूंनी गाडी चालू केली. धुर्रर्र! गाडी तापत गेली, तापत गेली. सगळे कान देऊन बसले. काका बसले. वारा बसला. इवली बसली. आणि नवा पंखा फिरला.

भर्र भर्र भर्र!

"झालं!" काका म्हणाले. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

इवलीने नाही वाजवल्या. ती घूं घूं घूं ऐकायला बसली होती ना! हे तर भर्र भर्र भर्र होतं. चांगलंच होतं. पण ते गाणं नव्हतं.

"इवले," काकू म्हणाल्या, "आता बॉनेटखाली झोपायचं नाही हं. पंख्याजवळ तर नाहीच नाही. हे घे तुझं नवं घर."

काकूंनी काय दिलं? नव्या पंख्याचं रिकामं खोकं! अंगणातल्या शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. आत गवत घातलं. मऊ मऊ, उबदार. वारा नाही, थंडी नाही.

आणि जुना पंखा? तोही त्याच कोपऱ्यात ठेवला काकांनी.

"उद्या भंगारवाला येईल," काका म्हणाले. "तो घेऊन जाईल."

संध्याकाळ झाली. काका घरात गेले. काकू घरात गेल्या. इवली खोक्यात शिरली. चिंधी पांघरली. इकडे वळली, तिकडे वळली. झोप येईना.

मग ती उठली. चिंधी ओढत ओढत बाहेर आली. तुरुतुरु तुरुतुरु, इवली गेली जुन्या पंख्याकडे.

"पंख्या, पंख्या, तुला थंडी वाजतेय का?"

इवलीने चिंधी पंख्यावर घातली. या वेळी कोंबली नाही. अलगद घातली, एक टोक भोकावर दुमडून. मग ती त्याच्या पात्याशी बसली. आणि बारीक आवाजात गायला लागली.

घूं घूं घूं.
घूं घूं घूं.

ऐकता ऐकता पंख्याला झोप लागली. गाता गाता इवलीला झोप लागली.

तुम्हीही मिटा डोळे. जांभळीवर वारा निजला, डब्यात पाना निजला, आणि आपली गोष्टही निजली.