धुरपदेचा बसायचा दगड

बोरजाईच्या माळाला लागून तुरीचा एक मुरमाड तुकडा आहे. आजूबाजूला ठिबकच्या नळ्या पसरल्या, पण या तुकड्याला कुणी पाणी देत नाही. बांधावर एक बसका दगड आहे. पाहुण्यांनी विचारलं की गावातले म्हातारे राणोजी आबा दगडाशेजारी मातीत टेकतात आणि मग सांगतात.

फार मागे लागोपाठ तिसरा दुष्काळ पडला होता म्हणे. गावात तुरीचं बी उरलं होतं ते धुरपदा नावाच्या बाईच्या उतरंडीत, दोन ओंजळी. एक तिनं घरामागच्या काळ्या रानात पेरली, एक इथं, आणि बोरजाई देवीला शब्द दिला की रोज एकेका रोपाला पाणी घालीन, पण बी बुडू देणार नाही. रोपं उगवली आणि पाऊस गेला तो गेलाच. झरा दोन कोसांवर. ती दोन महिने घागरी वाहत होती. काळं रान तरारलं. माळ चढायचं त्राण मात्र तिच्यात उरत नसे. उद्या घालू, उद्या घालू म्हणता इथं एक तांब्याही पोचला नाही. आपण देवीला फसवलं, ही टोचणी तिला घास गिळू देत नव्हती.

मग झराही आटला. आठ दिवसांत काळ्या रानातली तूर वाळली. उपटली तर मूळ जेमतेम वीतभर. रोज वरच पाणी मिळाल्यावर ते खाली कशाला जाईल? धुरपदा माफी मागायला माळावर आली, या दगडावर बसली आणि तिला उठवेना. समोर गुडघाभर, खुजी झाडं उभी होती, पण हिरवी. तिनं एकाच्या बुडाशी खुरप्यानं खणलं. दोन हात खाली गेली तरी मूळ संपेना, तेव्हा दमून तिनं नाद सोडला.

जगलेली झाडं थोडी, झाडाला शेंगा चार-पाच, सगळी मिळून ओंजळभर तूर. पोरं उपाशी होती. सासू म्हणाली, "शिजव गं बाई, आज तरी."

"आत्याबाई, ही रांधली तर फुडल्या साली गाव काय पेरंल?"

तिनं दाणे राखेत घोळून गाडग्यात ठेवले आणि पोरांना रानपाला उकडून घातला. ते करताना ती रडत होती, असं सांगतात.

आजही गावाचं बियाणं याच तुकड्यातून निघतं. उतारा कमीच पडतो, त्याची तक्रार कुणी करत नाही. कापणीच्या दिवशी गावात बाया पाणी भरत नाहीत, घागरी पुरुष वाहतात. आणि दगडावर गावातल्या सर्वांत दमलेल्या बाईनं बसायचं, अशी रीत आहे.

ती कोण हे कसं ठरवता, असं पाहुणे विचारतात. आबा दगडावरची माती हातानं झटकतात.

"ठरत न्हाई कधी. दगड येकच हाय, आन् बाया रांगेनं पार गावाच्या येशीपतोर हुब्या असत्यात."